झडपांचा निवाडा

सरकारी नोकरीत ज्यांची हयात नियमपुस्तकांच्या सहवासात गेली, त्यांस एका गोष्टीचा अनुभव खचित असेल. नियम ज्या कारणासाठी जन्मास येतो ते कारण कधीच संपून जाते. नियम मात्र फाइलीत धडधाकट असतो, आणि कोणी विचारले तर त्याच्या समर्थनार्थ नवी कारणे शोधण्यात येतात. याचे एक नमुनेदार उदाहरण आम्हांस अगदीच अनपेक्षित क्षेत्रात, म्हणजे अमेरिकेतील मोटारसायकल शर्यतींच्या इतिहासात आढळले.

१९२९ च्या आर्थिक कोसळीनंतर अमेरिकेतील मोटारसायकलचा धंदा डबघाईस आला. एक्सेल्सियर हा मोठा कारखाना १९३१ मध्ये बंद पडला आणि मातब्बर असे दोनच उरले : मिल्वॉकीचा हार्ले-डेव्हिडसन आणि स्प्रिंगफील्डचा इंडियन. (या दुसऱ्या नावाने वाचकांनी फसू नये, त्याचा संबंध तेथील आदिवासींशी आहे, आपल्याशी नाही.) खास शर्यतीसाठी घडविलेली महागडी यंत्रे व ती चालविणारे पगारी स्वार पोसण्याचे सामर्थ्य कोणातच राहिले नव्हते. तेव्हा १९२४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन मोटरसायकल असोसिएशनने १९३४ च्या सुमारास ‘क’ वर्ग प्रचारात आणला. यात यंत्र दुकानात मिळणारे हवे, आणि ते स्वाराच्या स्वतःच्या मालकीचे हवे. कित्येक स्वार त्याच गाडीवर बसून मैदानावर येत, दिवे काढून बाजूस ठेवीत, शर्यत पळत, आणि गाडी शाबूत राहिली तर दिवे पुन्हा बसवून घरी जात. बेकारीच्या त्या दिवसांत मेकॅनिकाच्या पोराला शर्यतीचे दार उघडणारा हा नियम होता, आणि त्याबद्दल त्याच्या कर्त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

मेख होती ती इंजिनाच्या मापात. बाजूच्या झडपांच्या इंजिनास ७५० घनसेंटिमीटरपर्यंत मुभा, आणि माथ्यावरच्या झडपांच्या इंजिनास मात्र ५००. झडपा सिलिंडरच्या कडेला असल्या म्हणजे इंधनवायूला वळसा घेऊन आत शिरावे लागते व इंजिनाचा श्वास कोंडतो. त्या माथ्यावर नेल्या की तो मोकळा होतो. म्हणून दुबळ्यास अधिक माप द्यावे, हा हिशेब वरवर न्याय्यच. परंतु अमेरिकन यंत्रांच्या झडपा बाजूला होत्या, माथ्यावर झडपा असलेली ५०० ची यंत्रे बहुतांशी इंग्लंडातून येत, हेही विसरता येत नाही. त्याच्या जोडीला इंजिनातील दाबाच्या प्रमाणावरही मर्यादा होती. ती सर्वांस सारखीच. पण बाजूच्या झडपांचे इंजिन त्या मर्यादेपर्यंत मुळात पोहोचतच नसे, तेव्हा काच कोणाला बसे हे सांगावयास नको. सर्वांस समान लागू होणारा आणि एकालाच टोचणारा नियम लिहिणे ही कला केवळ आपल्याच कचेऱ्यांत अवगत आहे असे नव्हे.

तरीही केवळ पक्षपात म्हणून प्रकरण निकालात काढणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. फ्लॉरिडातील डेटोना येथे १९३७ पासून दोनशे मैलांची शर्यत होऊ लागली. मार्ग निम्मा डांबरी, निम्मा समुद्रकाठच्या वाळूतला; भरती-ओहोटी पाहूनच वेळ ठरवावी लागे. पहिल्या वर्षी एड क्रेट्झ इंडियनवर जिंकला. पण १९४१ मध्ये कॅनडाच्या बिली मॅथ्यूजने नॉर्टनवर बाजी मारली, आणि १९४९ ते १९५२ अशी सलग चार वर्षे विजय नॉर्टनकडेच गेला. हिशेब अगदीच एकतर्फी असता तर हे घडते ना.

खरा बदल १९५३ नंतरचा. त्या वर्षी इंडियनचे उत्पादन थांबले, आणि दोन देशी कारखान्यांसाठी आखलेली चौकट एकट्या हार्लेचे कुंपण होऊन बसली. १९५५ पासून १९६१ पर्यंत डेटोनाला दरवर्षी हार्लेच आली. शेवटच्या वर्षी तर शर्यत वाळू सोडून नव्या बांधीव वर्तुळमार्गावर गेली होती. जगभर कालबाह्य ठरलेल्या रचनेवर मिल्वॉकीचे कारागीर वर्षानुवर्षे कानस चालवीत राहिले, आणि १९६८ मध्ये कॅल रेबर्नने त्याच रचनेवर ताशी १०१ मैलांहून अधिक सरासरी गाठली. या कारागिरीचे आम्हांस मनापासून कौतुक वाटते, आणि वाईटही. एवढी बुद्धी जुन्या इंजिनाला जगविण्यात खर्ची पडावी, ही त्या नियमाची सर्वांत मोठी किंमत. मधल्या काळात १९६२, १९६६ व १९६७ मध्ये ट्रायम्फने ५०० च्या यंत्रावर डेटोना जिंकले; तक्रारीचा सूर मात्र वाढतच गेला.

अखेर झडपांचा भेद काढून टाकण्यात आला आणि १९७० च्या हंगामापासून सर्वांस ७५० चे एकच माप ठरले. अट एवढीच की यंत्राच्या किमान २०० प्रती बनलेल्या असाव्यात. हार्लेने माथ्यावर झडपा असलेले नवे यंत्र घाईने उतरविले. त्याचे लोखंडी इंजिन तापून दगा देई. ब्रिटिशांना वाटले, आता आपला न्याय झाला. पण १९७० ची डेटोना जिंकली ती डिक मॅन या अमेरिकन स्वाराने, होंडावर! त्या कारखान्याच्या चार यंत्रांपैकी शेवटपर्यंत टिकले ते एवढेच. पुढच्या वर्षी तोच मॅन बीएसएवर जिंकला आणि ब्रिटिशांचा न्याय पदरी पडला. तो टिकला मात्र एकच वर्ष. १९७२ मध्ये डॉन एम्डे यामाहावर पहिला आला. यंत्र केवळ ३५० चे, टू-स्ट्रोक, म्हणजे ज्याला बाजूलाही झडपा नाहीत आणि माथ्यावरही नाहीत! पस्तीसहून अधिक वर्षे ज्या झडपांवरून वाद माजला, त्या नसलेल्या इंजिनानेच सर्वांस मागे टाकले. तेव्हापासून १९८४ पर्यंत डेटोना यामाहाकडेच राहिली.

या डॉनचे वडील फ्लॉइड एम्डे यांनी १९४८ मध्ये हीच शर्यत जिंकली होती. त्यांचे वाहन होते इंडियन, झडपा अर्थातच बाजूला.