बर्नियर काय म्हणाला आणि पेटीतला कागद काय म्हणतो

जरा लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात बायपासच्या भूसंपादनावरून आपल्या तालुक्याच्या ग्रुपवर चांगलीच जुंपली. मोबदला कमी मिळतोय म्हणणाऱ्यांना एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी एका इंग्रजी पुस्तकाच्या पानाचा फोटो टाकून गप्प केलं. पानावरचा मजकूर असा, की हिंदुस्थानातल्या सगळ्या जमिनीचा मालक बादशहा, रयतेच्या मालकीचं काही नाही. खाली त्यांची टीप: 'साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रेंच माणसाने लिहून ठेवलंय. तुमची जमीन तुमची होती कधी?'

पान ओळखीचं होतं. तेच पुस्तक माझ्याही कपाटात आहे. पुण्यातल्या एका प्रदर्शनात सवलतीत घेतलेलं, कव्हर चकचकीत. आत उघडलं तर टाइप जुनाट आणि तळटिपा व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या. ही पुनर्मुद्रणं अशीच होतात. स्वामित्वहक्क संपलेला असतो, मग जुन्या प्रतीची पानं जशीच्या तशी फोटो काढून छापायची आणि कव्हर तेवढं नवं घालायचं. त्याबद्दल तक्रार नाही. असं कुणी छापलं नसतं तर माझ्यासारख्या तालुक्याच्या पत्रकाराला हे पुस्तक बघायलाही मिळालं नसतं. पण नव्या कव्हरमुळे आतला माणूस कोण, तो कुणासाठी लिहीत होता, हे विसरायला होतं.

तर माणूस फ्रांस्वा बर्नियर. जन्म १६२०, पेशाने डॉक्टर. औरंगजेब आणि दारा यांची भाऊबंदकी पेटलेली असताना तो हिंदुस्थानात आला. आधी दाराच्या तावडीत सापडला, मग औरंगजेबाच्या दरबारातल्या दानिशमंद खान या विद्वान उमरावाकडे नोकरीला राहिला. खानाला तो युरोपातलं नवं शरीरशास्त्र समजावून सांगायचा, देकार्तचं तत्त्वज्ञान फारसीत करून द्यायचा. फ्रान्सला परतल्यावर १६७० पासून त्याचं पुस्तक पॅरिसला निघालं. आपल्याकडे फिरतं ते आर्चिबाल्ड कॉन्स्टेबलने १८९१ मध्ये संपादित केलेलं इंग्रजी भाषांतर.

पुस्तक वाचण्यासारखं आहे, हे आधी सांगतो. दिल्लीचे बाजार, काश्मीरची स्वारी, बंगालचं वर्णन, सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं. सुरतेच्या लुटीत महाराजांनी कॅपुचिन पाद्री अँब्रोझ यांच्या घराला हात लावला नाही, हेही त्यातच आहे. तो उतारा दर शिवजयंतीला फिरतो. मीही दोनदा शेअर केलाय, खोटं कशाला बोलू? पण १६६४ च्या त्या दिवसांत बर्नियर सुरतेत नव्हता. ऐकलेलं लिहिलंय त्याने. आवडलं की आपण हे विचारत नाही.

आता जमिनीचं पान. ते कुठून आलंय? बर्नियरने चौदाव्या लुईचा अर्थमंत्री कोल्बेर याला एक लांबलचक पत्र लिहिलं, त्यातला हा मुद्दा. हिंदुस्थानात सोनंनाणं कुठे जिरतं, फौज किती, आशियातली राज्यं का ढासळतात, असा सगळा पट त्यात आहे. जहागिरी सारख्या बदलतात, हे त्याने बरोबर हेरलं. आज आहे ती जहागीर उद्या दुसऱ्याला जाणार, मग जहागीरदार बांध-पाटावर खर्च करतो कशाला? आहे तोवर ओरबाडतो. आणि पिकवलेलं कुणीही नेणार असेल तर कुणबी तरी का राबेल? इथपर्यंत ठीक. पण पुढे तो थेट म्हणतो की इथे खाजगी मालकीच नाही. ते सांगण्यामागे रोख फ्रान्सकडे होता: आपल्या राजाने रयतेच्या मालकीला हात घातला तर आपलीही अशीच गत होईल. म्हणजे लोकांची जमीन राखा, हे सांगायला त्याने ते पान लिहिलं. आपल्या ग्रुपवर ते लोकांची जमीन नाकारायला वापरलं गेलं!

युरोपात मात्र ते पान फार लांब गेलं. माँतेस्क्यूने बर्नियर वापरला. १८५३ च्या जूनमध्ये कार्ल मार्क्सने एंगल्सला पत्र लिहिताना त्याचाच आधार घेतला आणि पूर्वेकडे जमिनीची खाजगी मालकी नसणं ही सगळ्याची किल्ली मानली. मार्क्स इकडे कधी आला नव्हता.

दुसऱ्या एका फ्रेंच प्रवाशाने हे तेव्हाच खोडून काढलं होतं. आंकेतिल द्युपेराँ, पारशांच्या अवेस्ताचं भाषांतर करणारा. १७५८ मध्ये तो मराठ्यांच्या मुलखातून सुरतेला गेला. १७७८ च्या पुस्तकात त्याने ठणकावून सांगितलं की पूर्वेकडेही कायदा आहे, मालकी आहे. ते पुस्तक मी कुठल्याही प्रदर्शनात टेबलावर पाहिलेलं नाही. बर्नियर दर प्रदर्शनात असतो. जे स्वस्तात मिळतं त्याचेच फोटो निघतात.

आणि आपल्याकडे तर साक्षीला फ्रेंच माणूस कशाला हवा? बर्नियरची नोकरी दिल्लीची. त्याने पुणे-सुपे परगण्यातल्या एखाद्या गावचं मिरासपत्र पाहिलेलं नाही. मिरास म्हणजे बापजाद्यांकडून आलेली हक्काची जमीन. ती विकता यायची, गहाण टाकता यायची, भावाभावांत वाटली जायची. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला तरी परत येऊन हक्क सांगायचा. तंटा झाला तर गोत बसायचं, महजर व्हायचा, त्यावर पाटलाचा नांगर आणि कारागिरांच्या आपापल्या अवजारांच्या निशाण्या. सगळ्यांचाच हक्क होता असं नाही. उपऱ्याला तो नव्हता, आणि तेही लपवू नये. पण पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात नोंदवलं, की इथली बरीच रयत आपल्या जमिनीची मालक आहे, सरकारला ठरलेला सारा देते आणि तो हक्क वंशपरंपरेचा व विकता येण्याजोगा आहे. जिंकून आलेल्या साहेबाला हे कबूल करण्यात काही फायदा नव्हता.

मोबदला अर्थात आजच्या कायद्याने आणि सातबाऱ्यावर ठरणार, बर्नियरवर नाही आणि मिरासपत्रावरही नाही. पण 'तुमची कधी होती' हे ऐकून घ्यायचं कारण नाही.

मी एवढं ग्रुपवर टाकल्यावर बायपासमध्ये जमीन जाणारे एक आजोबा घरी आले. पिशवीत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला मोडी कागद, घडीवर फाटलेला. मला मोडी येत नाही. खालच्या कोपऱ्यातला नांगर तेवढा ओळखला. येत्या रविवारी मोडी वाचणारे एक सर येतायत. ज्यांच्या घरी पेटीत, माळ्यावर असे कागद असतील त्यांनी दहा वाजता या. आणि हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करून आणू नका, त्याने कागद कायमचा जातो.