दांताचें उखळ

कर्जतहून खोपोलीस जाणारी आगगाडी पळसदरीस घाटाचा मुख्य मार्ग सोडून आपली निराळी वाट धरते. या मुलखांतील डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी हें नांवच मुळीं काताच्या धंद्यावरून पडलें. खैराच्या तांबूस गाभ्याच्या ढलप्या उकळावयाच्या, काढा आटवावयाचा आणि वाळवून वड्या करावयाच्या, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय होता. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर रानें राखीव होत गेलीं, तसा खैर त्यांच्या हातून सुटला; कोळशाच्या भट्ट्या आणि मोलमजुरी नशिबीं आली. कात मात्र विड्यांतून आणि दंतमंजनांतून शहरांतील घरोघरीं पोंचलेला होता.

श्रोतेहो, हिरडी सुजली, रक्त येऊं लागलें, कीं काताची चूळ भरावी, असें आजीबाईचा बटवा सांगतो. त्यांत तथ्य आहे. कातांतील तुरट द्रव्य मांस आकुंचित करतें, रक्त थांबवितें. परंतु हिरडी हा दांताचा केवळ दर्शनी पडदा. खरा आधार तिच्या आड असतो, आणि आपल्या प्राचीन वैद्यांनीं तो ओळखला होता. चरकसंहितेंत शरीराचीं ३६० हाडें मोजतांना ३२ दांतांबरोबर ३२ ‘दंतोलूखलें’, म्हणजे दांतांचीं उखळें, निराळीं धरलीं आहेत. सुश्रुतानें मुखाचे ६५ रोग सांगितले. त्यांत दांतांचे ८, तर दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे, १५!

लंडनच्या जॉन हंटरनें १७७१ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें कीं, हें उखळ दांतासाठींच असतें. दांत गेला कीं तें झिजून नाहींसें होतें. मात्र दांत त्यांत खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मुळाच्या पातळ आवरणापासून हाडापर्यंत, सुमारें पाव मिलिमीटरच्या फटींत, असंख्य तंतू ताणलेले असतात. भाकरीचा घास चावतांना दांत जणूं या झोळींत किंचित् दबतो आणि हाडास धक्का बसत नाहीं.

ही झोळी तुटते कशानें? हाराल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डेन्मार्कमध्यें १९६५ सालीं १२ निरोगी माणसांस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हां घासूं लागतांच त्या बऱ्या झाल्या. दोष दांतांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थराचा होता. तो तसाच राहिला, तर पुष्कळांच्या बाबतींत तंतू सुटतात, हाड विरघळतें, आणि बहुधा दुखतही नाहीं. मग न किडलेला दांत हलूं लागतो आणि आपण वयास दोष देतों.

काताच्या चुळीनें रक्त थांबेल. थर निघणार नाहीं. तंबाखूची मिश्री तर अपायच करील. म्हणून रक्त दिसतांच दांत नीट घासावे व दंतवैद्यास दाखवावें. ज्या वाड्यांनीं शहरास कात दिला, त्यांच्यापर्यंत एवढी साधी गोष्ट पोंचविणें, हें शहराचें ऋण आहे.