प्रकाशाची मोट

विहिरीचें पाणी मोटेनें वर काढावें, तसे प्रकाशाच्या बळानें परमाणू ऊर्जेच्या वरच्या पायरीवर चढवितां येतात. पुष्कळसे लेसर याच युक्तीवर चालतात. पण या मोटेला जोर किती, एवढेंच पाहून भागत नाहीं. प्रकाशाचीं कंपनें कोणत्या दिशेनें होतात, हेंहि पाहावें लागतें.

१८०८ सालीं पॅरिस येथें मालुस या फ्रेंच इंजिनियरानें राजवाड्याच्या तावदानांवरून परतलेला सूर्यप्रकाश आइसलँडच्या स्फटिकांतून पाहिला. स्फटिक फिरवितांच दोन प्रतिमांपैकीं कधीं एक मंदावे, कधीं दुसरी. या गुणाला त्यानें ध्रुवीभवन म्हटलें. त्यामागील कंपनांचा उलगडा पुढें फ्रेनेलनें केला.

त्याच नगरींत १९५० सालीं कास्टलर यांनीं सुचविलें कीं, चक्राकार ध्रुवीभूत प्रकाश आपली फिरकी परमाणूंना देऊन त्यांना एका बाजूस वळवूं शकतो. या कार्याबद्दल त्यांना १९६६ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

१९६० सालीं मेमन यांनीं माणकाचा पहिला लेसर चालविला, तो साध्या, अध्रुवीभूत झोतदिव्यानें. पुढें २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत अर्धवाहक लेसरला चक्राकार प्रकाश दिला, तेव्हां तो नेहमीपेक्षां कमी शक्तींत चालूं लागला; कारण एकाच फिरकीचे इलेक्ट्रॉन अधिक झाल्यानें ऊर्जा दोन वाटांनीं विभागली गेली नाहीं.

जोर वाढविण्यापूर्वीं दिशा नीट करावी, हाच या दोन शतकांच्या इतिहासाचा बोध होय.