जीपीआयओ झीरो
जीपीआयओ झीरो ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या पिनांना जोडलेली उपकरणे पायथन भाषेतून नियंत्रित करण्यासाठीची मुक्तस्रोत लायब्ररी आहे. रास्पबेरी पाय फाउंडेशनमधील बेन नटॉल यांनी ती नवशिक्यांसाठी सुरू केली. तिची १.० आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

आधीच्या आरपीआय.जीपीआयओ लायब्ररीत क्रमांकपद्धत आणि प्रत्येक पिनची दिशा प्रथम ठरवावी लागे. येथे एलईडी, बटण, मोटर यांचे तयार वर्ग असून केवळ पिनचा क्रमांक द्यावा लागतो. हा क्रमांक ब्रॉडकॉम चिपनुसार असतो. त्यामुळे १७ क्रमांकाची पिन बोर्डावर ११व्या जागी आढळते.

लायब्ररी विद्युत जोडणीतील चुका रोखत नाही. पिन ३.३ व्होल्टच्या असल्याने त्यांना ५ व्होल्ट दिल्यास बोर्ड बिघडू शकतो. एलईडीसोबत रोधक जोडावा लागतो. ‘मॉक’ म्हणजे आभासी पिनांमुळे बोर्डाशिवायही प्रोग्रॅम तपासता येतो. एकच बोर्ड असलेल्या वर्गाला ही सोय विशेष उपयुक्त ठरते.

प्रत्यक्ष कृतीतून तंत्रज्ञान शिकवण्याची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये त्यासाठी विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली.