इनसोल, सपाट तळवे आणि मामाची भरती

गेल्या महिन्यात राजगड-तोरणा केला. ट्रेक झकास झाला, पण तोरण्यावरून वेल्ह्यात उतरेपर्यंत उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं आणि टाचेवर रुपयाएवढा फोड. बूट जुनेच, दोन पावसाळे बिनतक्रार चाललेले. नवीन होते ते फक्त आतले इनसोल.

त्याची कथा अशी. एका दुकानात मला काचेवर उभं केलं, पडद्यावर माझे तळवे लाल-पिवळ्या रंगात उमटले आणि विक्रेता डॉक्टरसारखा गंभीर चेहरा करून म्हणाला, "सर, तुमचे फ्लॅट फीट आहेत. ट्रेक करता ना? मग सपोर्ट हवाच." दीड हजार रुपये मोजून बाहेर आलो. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "ते आपल्याकडे आहेच. तुझा मामा भरतीला गेला होता ना, तो ह्याच पायांमुळे परत आला."

हे मला माहीतच नव्हतं. मामा आता साठी ओलांडलेला, जन्मभर शेती केलेला. गेली वीसेक वर्षं आळंदी ते पंढरपूर वारीत चालतो, म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर. तळवे सपाटच. मग पाय नक्की कुणाचे बिघडलेले? रविवार ह्याच वाचनात गेला. गंमत म्हणजे ट्रेकरच्या ह्या प्रश्नाची बरीचशी उत्तरं सैन्यांनी शोधून ठेवली आहेत. साहजिकच आहे म्हणा, पाठीवर ओझं घेऊन मैलोनमैल चालणारी हजारो माणसं दुसरीकडे कुठे मिळणार?

सुरुवात मात्र दुकानातच होते. विल्यम शोल हा १८८२ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात जन्मलेला शेतकऱ्याचा मुलगा. शिकागोत बुटांच्या दुकानात काम करताना गिऱ्हाइकांचे दुखरे पाय रोज बघायचा. १९०४ साली त्याने कमानीला आधार देणाऱ्या साधनाचं पेटंट घेतलं आणि त्यातून 'डॉ. शोल' हा ब्रँड उभा राहिला. पुढे त्याच्या कंपनीने दुकानात तळव्याचा ठसा घेणारं साधनही काढलं. ठसा घ्या, दोष दाखवा, उपाय विका! माझी ती रंगीत काच म्हणजे ह्याच युक्तीची नवी आवृत्ती. :)

शोलचा माल खपत होता त्याच काळात अमेरिकी सैन्यातला डॉक्टर एडवर्ड मन्सन उलट्या बाजूने विचार करत होता. १९१२ साली त्याचं सैनिकाचे पाय आणि लष्करी बूट ह्या विषयावरचं पुस्तक आलं. त्याचं म्हणणं, पाय दुरुस्त करत बसू नका, आधी बूट पायाच्या आकाराचा करा. बोटांना पसरायला जागा ठेवणारा त्याचा साचा अमेरिकी सैन्याने स्वीकारला. बूट मापताना सैनिकाच्या पाठीवर चाळीस पौंडांचं ओझं द्यावं, असाही त्याचा आग्रह होता, कारण भार पडला की पाय लांबतो आणि रुंदावतो. आपण मात्र बूट घेतो एसी दुकानात गालिच्यावर चार पावलं टाकून.

पण सपाट तळवा हा दोष आहे की नाही, हे नीट तपासलं कॅनडाने. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॅरिस आणि बीथ ह्या दोघांनी ३६१९ सैनिकांचे पाय तपासले. अहवाल १९४७ साली आला. सार असं की नुसती कमान खाली असणं हा आजार नव्हे. पाय लवचिक आणि ताकदवान असेल तर तो नेहमीच्या पायासारखाच काम देतो. त्रास देतात ते दोन प्रकार, एक ताठर सपाट पाय आणि दुसरा टाचेमागची शीर आखूड असलेला. १९८५ साली इस्रायलच्या रंगरुटांच्या अभ्यासात तर उलटंच दिसलं. सततच्या ताणाने हाडाला बारीक चीर जाते, ते स्ट्रेस फ्रॅक्चर कमी कमान असलेल्यांमध्ये कमी होतं!

आपल्या जवळचा अभ्यास मणिपालचा. १९९२ साली राव आणि जोसेफ ह्यांनी २३०० मुलांच्या तळव्यांचे ठसे घेतले. बूट-चपला वापरणाऱ्यांत सपाट तळवे ८.६ टक्के, अनवाणी मुलांत २.८ टक्के. म्हणजे लहानपणी पाय मोकळा असेल तर कमान चांगली घडते असं दिसतं. पण थांबा, ह्यावरून 'उद्यापासून अनवाणी ट्रेक' असा निष्कर्ष काढू नका. घडत असलेला लहान मुलाचा पाय आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा पाय ह्यांत फरक आहे.

बरं, मग इनसोलचा उपयोग होतो की नाही? इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पहिली म्हणजे मऊ गादी. 'धक्का शोषून घेतो' असं पाकिटावर लिहिलेलं असतं ती. १९८८ साली अमेरिकी मरीनच्या ३०२५ रंगरुटांवर प्रयोग झाला. काहींना धक्के शोषणारे इनसोल, काहींना साधे. स्ट्रेस फ्रॅक्चर काही कमी झाले नाहीत. ब्रिटिश हवाई दलाने २००६ साली १२०५ जणांवर असाच प्रयोग केला, निकाल तोच.

दुसरी गोष्ट म्हणजे कमानीला आकार दिलेला, जरा कडक इनसोल. इथे चित्र बरं आहे. डार्टमथच्या ब्रिटिश नौदल महाविद्यालयात चालताना तळव्यावर पडणारा दाब मोजून, धोका जास्त वाटणारे ४०० प्रशिक्षणार्थी निवडले. निम्म्यांना पायानुसार घडवलेले इनसोल दिले. २०११ साली निकाल छापला. इनसोलवाल्यांत दुखापती २१, बाकीच्यांत ६१. पण तयार मिळणाऱ्या आकाराच्या इनसोलचा ऑस्ट्रेलियन नौदलातला ३०६ जणांवरचा प्रयोग २०१८ साली आला. त्यात दुखापती थोड्या कमी दिसल्या, पण तो फरक ठाम म्हणण्याइतका नव्हता. शिवाय फोड येणं, कमान दुखणं अशा तक्रारी जास्त. माझ्या टाचेने ह्याला अनुमोदन दिलंच आहे.

मला सगळ्यात आवडला तो कॅलगरीचा २००१ सालचा अभ्यास. २०६ सैनिकांपैकी एका गटापुढे सहा प्रकारचे इनसोल ठेवले आणि सांगितलं, पायाला जो सगळ्यात बरा वाटेल तो घ्या. प्रत्येकाची निवड वेगळी, पण स्ट्रेस फ्रॅक्चर आणि दुखणी इनसोल न घेतलेल्यांपेक्षा कमी. यंत्र नाही, लाल-पिवळा पडदा नाही. पायालाच विचारलं.

तर सांगायचा मुद्दा हा की इनसोल हे औषधासारखं आहे. ज्याला दुखणं आहे त्याला योग्य तो मिळाला तर फायदा. धडधाकट पायाला केवळ ठशाकडे बघून दिला तर नवं दुखणं विकत घेतलं म्हणून समजा. माझी चूक तर अगदीच साधी होती. नवे इनसोल जुन्यांवरच ठेवले होते! पाय वर उचलला गेला, टाच बुटाच्या खोबणीतून सुटून घासायला लागली आणि बोटांवरची जागा संपली. आता नवे काढून ठेवलेत. टाच किंवा गुडघा सतत दुखत असेल, किंवा मधुमेह असेल, तर मात्र दुकानात नाही, डॉक्टरकडे जा.

काल मामाला फोन केला. लवचिक सपाट पाय ओळखायची एक सोपी पद्धत आहे. चवड्यांवर उभं राहायचं, कमान दिसायला लागली तर पाय लवचिक. मामा भिंतीला धरून उभा राहिला, मामीने वाकून बघितलं आणि ओरडून सांगितलं, "येते रे कमान!"

मग मी त्याला कॅनडाचं सगळं सांगितलं. मामा जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा नुसतं ओल्या पायाने फरशीवर उभं केलं होतं रे. चालून दाखव असं कुणी म्हटलंच नाही."

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वारीला दोन दिवस त्याच्याबरोबर चालायचं ठरवलंय. जुन्याच बुटांत.