एक, अनेक आणि जाळं

परवा शनिवारी लेकीला यूट्यूबवर 'एक अनेक और एकता' दाखवली. ताई आणि धाकट्या भावाची तीच ती, आमच्या पिढीने दूरदर्शनवर शंभरदा पाहिलेली. फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ची, जेमतेम सात मिनिटांची. दिग्दर्शिका आपल्या मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे, हे मला चाळिशीत कळलं! ॲनिमेशन भीमसैन यांचं, संगीत वसंत देसाईंचं. पुढे १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून २४०० गावांत टीव्ही पोचला, तेव्हा मुलांच्या कार्यक्रमांमागेही मुळेबाई होत्याच.

मला आवडते ती त्यातली ताई. भाऊ विचारत राहतो, पण ती 'गप बस' म्हणत नाही. गोष्ट सांगते. चिमण्या जाळ्यात अडकतात, सगळ्या मिळून जाळ्यासकट उडतात, मग उंदीर जाळं कुरतडतात.

जानेवारी १९९३ मध्ये घाटकोपरला आमच्या सोसायटीत रात्री गच्चीवर पहारे बसले, तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. भीती वाटते म्हटलं की "झोप आता" एवढंच उत्तर. खालच्या मजल्यावरच्या एका दारावरची नावाची पाटी उतरली होती. का, ते कुणीच सांगितलं नाही. सात मिनिटांच्या फिल्ममध्ये भीती फार टिकत नाही हो, आमच्याकडे ती कितीतरी रात्री मुक्कामाला होती. आणि ताई कुणाकडेच नव्हती.

फिल्म संपल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, जाळं का टाकलं पण?"

लॅपटॉप मिटला आणि तिला त्या पाटीपासून सांगायला लागलो. जेवणं थंड झाली.