निपाणी-बेळगाव पट्ट्यातील वर्षाची चटणी

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतल्यानंतर अमेरिका खंडातील मिरची त्यांच्यामार्फत पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तोवर मिरीवर भागवणाऱ्या दख्खनच्या स्वयंपाकाला परसातही पिकणारे स्वस्त तिखट मिळाले. हुक्केरी तालुक्यातील संकेश्वरच्या नावाने ओळखली जाणारी झणझणीत मिरची आणि हावेरीकडची गडद रंगाची, सौम्य ब्याडगी यांच्या मेळातून सीमाभागातील चटणी, म्हणजे वर्षभर पुरणारा कांदा-लसणाचा मसाला, तयार होते. उन्हाळ्यात कडकडीत वाळवलेली मिरची तेलात परतलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, धणे, लसूण आणि मीठ यांसह पूर्वी उखळात कुटली जाई, पुढे तिच्यासाठी डंक, म्हणजे यंत्रावर चालणारी मुसळे, आले. कांद्यातील पाणी पुरते आटले नाही तर चटणीला बुरशी धरते, म्हणून खरे कसब परतण्यातच असते. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या निपाणीच्या कष्टकरी स्त्रियांना तिचा मोठा आधार वाटणे स्वाभाविक होते, कारण चमचाभर चटणीत मसुराची आमटी झटपट होते आणि ज्वारीच्या भाकरीला कडधान्याची जोड मिळते. स्वस्त आणि पौष्टिक अशा या जेवणाची योग्यता पाकपुस्तकांनी फारशी ओळखलेली नाही. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तरी निपाणीची चटणी कोल्हापूरच्याच वळणाची राहिली.